खटपटरावांचा सनमायका

जेवणाच्या टेबलावर यापुढे काहीही उघडून बसायचे नाही, असा हुकूम घरात सुटला त्याच दिवशी खटपटरावांनी स्वतःचे टेबल करायचे ठरवले. हुकूम सुटायला कारणही तसेच घडले होते. सकाळी दुरुस्त केलेल्या पंख्याचा एक स्क्रू दुपारी बायकोच्या घासात आला आणि तिच्या दातावर आपटून ताटात पडला. "अगं, हाच शोधत होतो मी मघापासून!" असे खटपटराव आनंदाने ओरडले. ते ओरडले नसते तर प्रकरण कदाचित एवढे वाढले नसते.

खटपटराव हे काही त्यांचे खरे नाव नव्हे. ते सासऱ्यांनी ठेवले होते. लग्न ठरल्यावर पहिल्यांदाच त्यांच्याकडे गेलेल्या या जावयाने कोणी सांगितलेले नसताना दारावरची घंटा दुरुस्त केली, आणि ती जी वाजायला लागली ती थांबेचना. शेवटी घरमालकाला बोलावून सगळ्या इमारतीची वीज बंद करावी लागली. तेव्हापासून चारचौघांत सासरे म्हणत, "आमचे जावईबापू खिळा ठोकायला लागले ना, की खिळ्यालाच हसू येतं." लोक हसत. खटपटरावही हसत, पण आतून त्यांना ते फार लागे.

आणि आता तेच सासरे येत्या रविवारी जेवायला येणार होते. म्हणजे टेबल त्याच्या आत तयार व्हायला हवे होते. खटपटरावांना सासऱ्यांच्या तोंडून फक्त एकदा "वा!" ऐकायचे होते.

मोडीत काढलेल्या पलंगाचे पाय आणि जुन्या कपाटाचे जाड दार जोडून त्यांनी मागच्या खोलीत टेबल उभे केले. ते हलत नव्हते. खटपटराव स्वतः त्यावर उभे राहिले, मग बायकोला उभे केले, तरी हलले नाही. आता वर तेवढा सनमायका बसला की झाले. तेल सांडले तरी फडक्याने पुसले जावे आणि स्क्रू लाकडाच्या फटीत न जाता डोळ्यांसमोर राहावा, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

पहिले दुकान इतके गुळगुळीत होते की आत जाताना चप्पल काढावी का, असा त्यांना प्रश्न पडला.

"सर, जागा कुठली? दिवाणखाना की बेडरूम?" विक्रेत्याने विचारले.

"मागची खोली."

"थीम काय ठरवलीये?"

"तेल आणि भुसा," खटपटराव म्हणाले.

मग भाव निघाला. तो ऐकून खटपटरावांनी "घरी विचारून येतो" असे सांगितले. असे सांगणारी माणसे परत येत नसतात हे विक्रेत्याला ठाऊक होते, खटपटरावांनाही ठाऊक होते, तरी दोघांनी एकमेकांना हसून निरोप दिला.

दुसऱ्या दुकानात भाव बरा होता, पण तिथे पूर्ण शीट घ्यावी लागत होती. "अर्धी कापून द्या ना," खटपटराव म्हणाले. "आणि उरलेली अर्धी मी काय अंगावर पांघरू?" असे दुकानदाराने विचारले. त्याच्या अंगावर अर्धी पुरली नसती हे खटपटरावांच्या ओठांवर आले होते, पण त्यांनी ते गिळले.

शेवटी बाजाराच्या टोकाला एका गोदामात त्यांना ती दिसली. भिंतीला टेकवलेली, मळकट, दुधी रंगाची, जागोजागी ओरखडे, एका बाजूला चुन्याचे थेंब आणि बरोबर मधोमध बुटाचा ठसा. पण मापाला जणू त्यांच्या टेबलासाठीच जन्माला आलेली.

"ही कितीला?"

रंगाच्या डब्यावर बसलेल्या मालकाने मान वळवून पाहिले. "ही? अहो, छप्पर गळतं म्हणून आडोशाला लावलीये ती. कधीपासून पडून आहे. न्यायची तर न्या, पण परत घेणार नाही हां."

मालकाने जो भाव सांगितला तो टपरीवरच्या चहाइतकाही नव्हता. तरीही घासाघीस करणे हे खटपटरावांना कर्तव्य वाटले. "त्या ठशाचे तरी कमी करा," ते म्हणाले.

"ठसा माझाच आहे," मालक म्हणाला. "पण असू द्या, तुमचंही नको नि माझंही नको."

शीटची गुंडाळी करून ती सुतळीने बांधली आणि खटपटराव ती मांडीवर घेऊन रिक्षात बसले. सुतळीही स्वस्तातलीच होती. पहिल्या गतिरोधकावर ती तुटली आणि शीट एका झटक्यात उलगडून रिक्षाभर पसरली. रिक्षावाल्याची मान पुढच्या काचेकडे गेली आणि खटपटरावांचे नाक मागच्या पडद्यावर दाबले गेले.

"साहेब, मला आरशात काही दिसत नाही!"

"अहो, मला तर तुम्हीच दिसत नाही!"

त्यानंतर घरापर्यंत दोघांनी एकमेकांचे तोंड न पाहता छान गप्पा मारल्या. रिक्षावाल्याच्याही घरी एक तडा गेलेले टेबल होते.

शनिवारी चिकटवण्याचा कार्यक्रम ठरला. खटपटरावांनी सोल्युशनचा डबा उघडला, टेबलाला आणि शीटच्या पाठीला त्याचा एक हात दिला आणि बायकोला समोरचे टोक धरायला उभे केले.

"सावकाश हं. हे एकदा टेकलं की टेकलं. मग सरकवता येत नाही, उचलता येत नाही, काही करता येत नाही."

"माहितीये. लग्न झालंय माझं," बायको म्हणाली.

शीट खाली आली. खटपटरावांनी श्वास रोखून फडक्याच्या बोळ्याने ती मधून कडेपर्यंत दाबत नेली. रेषेवर रेष बसली. आयुष्यात त्यांच्या हातून काही इतके सरळ बसले नव्हते. त्यांना गहिवरून आले.

"अहो."

"थांब, बोलू नकोस. बघू दे जरा."

"अहो, मी अडकलेय."

तिच्या नव्या हिरव्या ओढणीचे टोक शीटच्या खाली गेले होते.

"ओढू नकोस! शीट उचकटेल!"

"नवी आहे माझी ओढणी!"

"पण बसलीये बघ कशी! एकदम सरळ!"

बायकोने त्यांच्याकडे जे पाहिले त्यानंतर खटपटरावांनी निमूटपणे कात्री आणली. ओढणी सुटली, पण टेबलाच्या कडेतून एक हिरवी झिरमिळी कायमची बाहेर डोकावत राहिली. त्या संध्याकाळी बायको त्यांच्याशी बोलली नाही. खटपटराव टेबलाकडे बघत बसले असल्यामुळे ते त्यांच्या लक्षात आले नाही.

रविवारी सासरे आले. जेवण झाले आणि खटपटरावांनी त्यांना मागच्या खोलीत नेले. बायकोही मागोमाग आली, कारण बोलत नसली तरी शीटचे दुसरे टोक तिनेच धरले होते.

सासऱ्यांनी टेबल हलवून पाहिले. हलले नाही. त्यांचा चेहरा जरा उतरला. मग त्यांनी चष्मा पुसला आणि वाकून वरची बाजू पाहिली, तसा चेहरा पुन्हा खुलला.

"जावईबापू, यावरून कोण चालत गेलं?"

"तो जुना ठसा आहे, बाबा."

"आणि हे हिरवं काय उगवलंय?"

"ती माझी ओढणी," बायको म्हणाली.

"अरेच्चा! आणि हा कोपरा तर निघायलाच लागलाय!" सासऱ्यांनी कोपऱ्यावर नख लावले. खरेच, काहीतरी उचलले गेले. "बघा, बघा! सोलतंय तुमचं टेबल! गंडवलं हो तुम्हाला चांगलंच!" आणि त्यांनी अतिशय आनंदाने तो कोपरा धरून खेचला.

चर्रर्र करून ओंजळभर रुंदीचा पापुद्रा निघून आला. खटपटरावांनी डोळे मिटले. आठवडाभराची पायपीट, रिक्षा, ओढणी, सगळे त्या आवाजात फाटत गेले.

मग त्यांनी हळूच एक डोळा उघडला.

पापुद्रा प्लॅस्टिकचा होता. कारखान्यातून निघताना शीटवर चिकटवतात तो, चरे पडू नयेत म्हणून. ठसा, चुना, ओरखडे सगळे त्याच्यावर होते. त्याच्या खाली गडद अक्रोडी रंगाचा सनमायका असा झळकत होता की त्यात सासऱ्यांचे उघडे राहिलेले तोंड स्पष्ट दिसत होते.

खटपटरावांना हे तितकेच नवीन होते. पण वर्षानुवर्षे ऐकून घेतलेला माणूस वेळेला कच्चा नसतो. त्यांनी घसा साफ केला. "मुद्दामच ठेवला होता तो," ते म्हणाले. "म्हटलं, उद्घाटन तुमच्याच हातून व्हावं."

सासरे हातातल्या पापुद्र्याकडे आणि टेबलाकडे आळीपाळीने बघत राहिले. "वा!" ते म्हणाले.

त्या एका अक्षराने खटपटरावांची छाती फुगली. जन्माचे सार्थक झाले. ते तिथेच उभे राहून तो "वा!" मनात घोळवत होते, तेवढ्यात बायकोने टेबलावरून हात फिरवला.

"यावर तुम्ही हातोडा मारणार?"

"म्हणजे... त्यासाठीच तर..."

"मुळीच नाही. हे बाहेर जेवायला घ्यायचं. माझी ओढणी आहे त्यात." हा दावा बिनतोड होता. "आणि बाहेरचं जुनं तुम्हाला घ्या इथं. बसा काय उघडून बसायचं ते."

बाहेरचे जुने टेबल म्हणजे सासऱ्यांनी लग्नात दिलेले. ते आल्या दिवसापासून मेणकापडाखाली होते, कारण सासऱ्यांनीच तसे बजावले होते. "अव्वल माल आहे. मी स्वतः पारखून घेतलाय. कापड काढू नका," असे ते दर भेटीत सांगत. आता कापड निघाले. खाली टेबल मंद, धुरकट, मोतीबिंदू झाल्यासारखे दिसत होते. सासऱ्यांनी ते पाहिले आणि चहा न घेताच "निघतो" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शेजारीण आली. भिंतीपलीकडून खटपटरावांना बायकोचा आवाज ऐकू आला. "विकत कुठलं? आमच्या यांनी घरी केलंय! हात लावून बघा ना." खटपटराव मागच्या खोलीत जुन्या टेबलाशी बसून एकटेच लाजले. टेबल गेल्याचे दुःख त्यांना राहिले नव्हते असे नाही, पण ते आता बरेच गोड झाले होते.

ऐकता ऐकता त्यांचे नख सहज टेबलाच्या कोपऱ्यावर फिरत होते. काहीतरी उचलले गेले.

खटपटराव दचकले. त्यांनी दार लोटून घेतले आणि हलकेच कोपरा ओढला. नखाएवढा पापुद्रा निघाला. त्याच्या खाली लालसर, नितळ, लग्नाच्या दिवसाइतका कोरा सनमायका लखलखत होता.

म्हणजे सासऱ्यांनी खरोखरच अव्वल माल पारखला होता. फक्त सोलला नव्हता. आणि तो सोलायचा राहिलाय हे इतकी वर्षे जेवताना कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

खटपटरावांचा हात फोनकडे गेला. खिळ्याला येणाऱ्या हसण्याची सगळी परतफेड एका वाक्यात होणार होती. "बाबा, तुमच्या टेबलाचं उद्घाटन कधी करताय?" एवढे म्हटले की झाले. वाक्य जिभेवर तयार होते. मग त्यांची नजर टेबलावर मांडलेल्या स्क्रूंकडे, तेलाच्या बुधलीकडे आणि पोट उघडून पडलेल्या पंख्याकडे गेली. हे टेबल चमकले की तेही बाहेर जाणार, यात शंका नव्हती.

त्यांनी फोन खाली ठेवला, पापुद्रा अंगठ्याने परत दाबला आणि त्यावर एक खिळा उभा धरून हातोडीने हलकेच टकटक केली.

"अहो, कसली ठोकाठोक चाललीये?" बाहेरून बायकोने विचारले.

"काही नाही गं," खटपटराव म्हणाले. "बाबांचं टेबल आहे, जपायला नको?"

खिळा एका दणक्यात सरळ आत गेला.