सुमनमावशीची मागची सीट

सुमनमावशीच्या हिशेबी मी कुंडल-पलूस रस्त्यावर निदान शंभरदा मेलो आहे. तसा मी ठणठणीत आहे. वजन तर वाढतंच आहे. पण मोटारसायकलवर मागे बसलेल्या मावशीला माझी चूक दिसली, की ती माझ्या हेल्मेटवर टकटक करते आणि शांतपणे सांगते, "मेलास." मग कारण. "दुधाच्या टेम्पोखाली. त्यानं हात दावला न्हाई, पर त्याचं चाक बघायचं हुतं. चाक आधी वळतंय, मानूस मागनं."

साताऱ्यात रिक्षा आणि एसटीच्या भरवशावर मी चाळिशी ओलांडली होती. मग पलूसला बदली झाली, भाड्याची खोली घेतली, गाडीही घेतली. ती चालवावी लागते, हे नंतर लक्षात आलं. आई म्हणाली, "कुंडलला सुमनकडं जा."

मावशी आरोग्यसेविका होती. सबंध नोकरी तिनं वाड्यावस्त्यांवर गाडीवरून जाऊन बाळंतपणं करत काढली. रस्त्यावर पडलेली माणसं उचलली ती वेगळीच. काका जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा बंगळुरात. मी दारात उभा राहिलो तेव्हा तिनं मला पाणी दिलं नाही, आधी माझ्या पायांकडं बघितलं. "चपला घालून आलास व्हय? बूट घालून ये, मग च्या."

तिचं तत्त्वज्ञान साधं. "म्हस आडवी येणार, मोटारवाला मदीच दार उघडणार, आन् तू झोपणार. ह्ये तिन्ही धरून चालवायचं."

दर रविवारी शिकवणी. गावाबाहेरच्या माळावर तिनं एक घमेलं पालथं घातलं आणि म्हणाली, "याला चुकवून जा." एवढा मोठा माळ, पण मी नेमका घमेल्यावरच. गुरं राखणारे हातातली कामं सोडून बघायला यायचे.

"आरं, त्याच्याकडं बघतोस म्हणून त्याच्यावर जातोस! जिकडं नजर, तिकडं गाडी. मोकळ्या जागंकडं बघ की."

माझी नजर मात्र आयुष्यभर संकटाकडंच लागलेली. महिन्याभरात त्या घमेल्याचं ताट झालं.

मग एका रविवारी दुपारी मावशीला मागे घेऊन मी पलूसहून कुंडलला निघालो. पुढे उसाची ट्रॉली. मी भीतीपोटी एवढं अंतर ठेवलं होतं, की मधल्या जागेत एक सायकलवाला आणि त्याची शेळी निवांत आत घुसली आणि पुढच्या पाणंदीला वळलीसुद्धा. तेवढ्यात ट्रॉलीचा दोर तुटला आणि वरच्या मोळ्या धडाधड रस्त्यावर आल्या. समोरून एसटी.

मागून टकटक नाही. मी मोळीकडं बघितलं, आणि कसा कोण जाणे, नजर उचलून डाव्या साईडपट्टीवर नेली. दोन्ही ब्रेक हळूहळू दाबले, हँडल सरळ धरलं. गाडी मातीवर उतरून थांबली. एसटीही पलीकडं कचकन थांबली.

मी अजून हँडल धरूनच बसलो होतो. मावशी मात्र कधीच उतरून पदर खोचून उभी. "आवं ड्रायव्हर, हितंच थांबा! तू काय बघतोस रं? पाठीमागं जा, हात कर, येनाऱ्यास्नी थांबीव." मी पळालो आणि दोन्ही हात असे हलवले, की पहिला मोटारसायकलवाला विचारू लागला, "लग्न कुठल्या बाजूला हाय?" तोवर मावशीनं ट्रॉलीवाल्याकडून मोळ्या कडेला ओढून घेतल्या होत्या.

कुंडलला पोचलो. गाडी लावताना मी छाती फुगवून विचारलं, "मावशी, आता शिकलो का न्हाई?"

ती हेल्मेट काढून केस सारखे करत राहिली.

"व्हय. शिकलास."

तिच्या तोंडून पहिल्यांदाच कौतुक आलं, पण आवाज पडलेला होता. तिनं चहा ठेवला. कपाला जास्तीची साखर घातली, परत ढवळली. मी बूट घालून निघालो, तशी ती उंबऱ्यापर्यंत आली.

"पर धुक्यातलं ऱ्हायलंय."

"मावशी, आत्ता कुठं शिमगा झालाय. धुकं थंडीत पडतंय."

"मग?" ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "तवर येत जा की."