गावरात्रीतली गहाळ कवळी

लुसाकात माझ्याइतका तल्लख गुप्तहेर दुसरा नाही. हे मी उगाच म्हणत नाही. मी स्वतः तपास केला आणि दुसरा कोणी सापडला नाही.

उभा जन्म मी कित्वेच्या तांब्याच्या खाणीवर फाटकाशी काढला. पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या माणसाचा डबा उघडून बघणे हे माझं काम. डब्यात मक्याच्या पिठाचा, न्शिमाचा गोळा किती उरलाय यावरून मी सांगत असे, याचं बायकोशी भांडण कधी झालं आणि चूक कोणाची. एका मुकादमाची दुसरी बायको तर मी नुसत्या डब्याच्या झाकणावरून ओळखली. त्या काळात खाणीतलं तांबं बरंच चोरीला गेलं, असं लोक म्हणतात. गेलं असेल. पण ते ट्रकमधून गेलं, आणि ट्रक माझ्याकडे नव्हते.

तर माझं नाव बाशी चांसा, म्हणजे चांसाचा बाप. माझी बायको बाना चांसा, म्हणजे चांसाची आई. आणि चांसा ही आमची मुलगी, जी आम्हा दोघांना गेली कित्येक वर्षं सांभाळून घेते आणि तसं तोंडावर म्हणतेही.

प्रकरण घडलं कासुबा पार्कात, गावरात्रीला. वर्षातून एका संध्याकाळी हे पाळण्यांचं पार्क गाव होऊन बसतं. आकाशपाळण्याला भोपळे लटकवतात, तिकिटाच्या खिडकीवर गवताचं छप्पर घालतात, कागदाचा मोठा वड उभा करतात, जागोजागी लाकडं पेटवून धूर करतात. लोक चपला हातात घेऊन अनवाणी फिरतात आणि काटा रुतला की खूश होतात. जे सोडून आमचे आईबाप शहरात पळून आले, ते बघायला आम्ही तिकीट काढतो.

त्या संध्याकाळचा मानाचा कार्यक्रम म्हणजे आजीबाईंची गोष्ट. शेकोटीशी मंचावर एकेका म्हातारीने गोष्ट सांगायची, ज्या गोष्टीला लोक सगळ्यांत जास्त हसतील तिला बोकड. मागल्या वर्षी बोकड नेला बाना मुकुकाने. बाना मुकुका आमच्या चर्चमधली, आमच्याच रस्त्यावरची, आणि त्या बोकडाची हाडं तिने आमच्या कुंपणापाशी चघळली, असं माझ्या बायकोचं म्हणणं. तेव्हापासून बाना चांसाने घरात दुसरा विषय काढलेला नव्हता. सकाळी चुलीला गोष्ट सांगायची, दुपारी कोंबड्यांना, रात्री मला. कोंबड्या निदान उठून जाऊ शकत होत्या.

आमच्याबरोबर जावईही होता. बोनिफेस. म्हणजे बरोबर होता असं म्हणायचं, पण दिसत नव्हता. आमच्याकडे सासूच्या समोर जावई उभा राहत नाही. तिच्याकडे बघायचं नाही, तिच्याशी बोलायचं नाही, तिच्या हातात काही द्यायचं नाही, ती या वाटेने आली की आपण त्या वाटेने पळायचं. सासूने एकदा घरातला एकेक पदार्थ, सगळ्या वासांसकट, जावयासाठी रांधून वाजतगाजत वाढला की हे संपतं. पण चांसाच्या लग्नाला सहा वर्षं झाली तरी बाना चांसाला मुहूर्त सापडत नव्हता. एकदा कोंबडी बारीक, एकदा पाऊस जास्त. तोवर बोनिफेस आमच्या घरी आला की आंब्याखाली पाठ करून जेवतो. त्याची पाठ मी हजार पाठींत ओळखेन.

तेव्हा मिनीबसमधून येताना ती पहिल्या बाकावर आणि तो शेवटच्या. पार्कात ती डावीकडे तर तो उजवीकडे. चार वर्षांचा नातू बुपे मधल्यामध्ये चांसाच्या हाताला.

आता गुन्हा.

पार्कात एक जहाज-झोका आहे. मोठी होडी, दोन टोकांना माणसं बसतात, आणि ती झुलते. एक टोक आभाळात तर दुसरं जमिनीशी. बाना चांसा म्हणाली, "मी बसणार. गोष्टीआधी घसा मोकळा झाला पाहिजे." मी खाली थांबलो. गुप्तहेराने पाय जमिनीवर ठेवावेत. शिवाय हातात गरम विटुम्बुआची पुडी होती, आणि पुरी तळावी तशी तळलेली ही फुगीर भजी झोक्यावर नेणं म्हणजे त्यांचा अपमान.

होडी झुलली. किंकाळ्या झाल्या. होडी थांबली. बाना चांसा उतरली ती अंगाभोवती गुंडाळलेल्या चितेंगेचा पदर तोंडावर घट्ट धरून.

"उलटी?" मी विचारलं.

तिने मान हलवली. नाही.

"मग घसा बसला. ओरडू नको म्हटलं होतं."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी खाणीत रिकाम्या डब्याकडे बघत असे. मग मला छपराच्या आडोशाला ओढून तिने पदर बाजूला केला. वरची कवळी नव्हती. दात नसलेलं तिचं तोंड मी त्याआधी फक्त एकदा पाहिलं होतं, आणि त्यानंतर घरात आठवडाभर शांतता होती.

तेवढ्यात मंचावरून पुकारलं, "आजीबाईंनी तयार राहावं. पहिली बाना मुकुका, शेवटची बाना चांसा."

बायकोचे डोळे भरून आले. दातांशिवाय ती मंचावर जाणार नव्हती. न गेली तर बोकड पुन्हा कुंपणापलीकडे. आणि बोकडापेक्षा वाईट म्हणजे, बाना मुकुका जन्मभर म्हणत राहणार की घाबरली.

"बाना चांसा," मी म्हणालो, "रडू नकोस. तुझं लग्न कोणाशी झालंय ते आठव."

ती जास्तच रडली.

"बोलू नकोस. खुणा कर. बाकीचं माझ्यावर सोड. शेवटचं काय दिसलं?"

तिने हनुवटी पुढे करून होडीपलीकडे दाखवलं. मी त्या रेषेत पाहिलं. होडी, होडीच्या पलीकडे कुंपण, कुंपणाला टेकून बाना मुकुका मक्याचं कणीस खात उभी. खटाखट, एका रेषेत, दाणा न चुकता.

माझ्या डोक्यात वीज चमकली. बाना मुकुकाच्या तोंडात समोरची फट आहे, हे सगळ्या रस्त्याला माहीत. मग एवढं सफाईदार कणीस खाल्लं कोणाच्या दातांनी?

मी जाऊन तिच्यासमोर उभा राहिलो. "बाना मुकुका, जरा हसून दाखवा."

"का हो? घरी कोणी हसत नाही का तुमच्याशी?"

"तपास आहे."

ती हसली. फट जागच्या जागी होती. तीतून कणसाचा एक दाणा बाहेर डोकावत होता.

"बाना चांसा कुठंय?" तिने विचारलं. "दिसली नाही. पळाली का?"

"ती मौन पाळतेय."

"अरे देवा. तुम्ही तर आजारीच दिसता, बाशी चांसा. सावलीत बसा."

सूर्य बुडाला होता, पण मी वाद घातला नाही. परत येताना वाटेत कागदी वडाच्या मागे एक पाठ दिसली. बोनिफेस.

"ताता," पाठ म्हणाली, "एक नाजूक गोष्ट होती."

"जावईबापू, आत्ता नाही."

"पण ताता, ती गोष्ट माझ्याजवळ..."

"गोष्टी मंचावर सांगायच्या. तुम्ही लपून राहा. ती इथंच आहे."

पाठ निमूटपणे आणखी मागे सरकली. चांगला मुलगा आहे. घामाने भिजला होता, एक हात खिशावर घट्ट दाबून धरला होता, सारखा इकडेतिकडे बघत होता. दुसऱ्या कोणावर मी तिथल्या तिथे संशय घेतला असता. पण सासू जवळ असताना जावई असाच दिसायला हवा. न दिसता तर मी संशय घेतला असता.

बायकोने पुन्हा खूण केली. दोन्ही हातांची ओंजळ करून पोटाखाली, मांडीपाशी धरली आणि त्यात काहीतरी पडल्यासारखं केलं.

मी कपाळाला हात लावला. "गिळलीस."

तिने जोरजोरात मान हलवली.

"नाकारण्यात अर्थ नाही. पोटात पडली असं तूच दाखवतेस. अगं, विटुम्बुआ गरम होते, तू घाईने खाल्लेस, आणि त्याबरोबर..." मी तिच्या पोटाला कान लावला. आतून खरंच कटकट असा आवाज आला. पाठीमागे ढोलवाला काठ्या तपासत होता, हे नंतर कळलं. मी तिला दोन-चारदा पाठीवर थोपटलं. पाचव्या थोपटण्यानंतर तिने मला थोपटलं, आणि तिचा हात जड आहे.

मंचावर बाना मुकुकाची गोष्ट सुरू झाली होती. लोक हसत होते. बोकड मंचाखाली उभा राहून ऐकत होता, पण त्याला काही हसू येत नव्हतं.

बायकोने डोळे मिटून श्वास घेतला. मग तिने शेवटची खूण केली. दोन्ही हातांनी डोक्यावरची न दिसणारी टोपी धरली आणि डोळ्यांवर ओढली. तोंड झाकलेला माणूस.

आता मात्र शंकाच उरली नाही. सगळ्या पार्कात तोंड झाकलेला एकच इसम होता. पाणघोडा. पार्कातला एक नोकर पाणघोड्याचं सोंग घालून पोरांशी हात मिळवत फिरत होता. मुंडकं हे एवढं, जबडा उघडा, आणि जबड्यात दात. गुन्हेगार माल कुठे लपवतो? जिथे तसाच माल आधीच आहे तिथे. खाणीत मी कायम म्हणायचो, तांबं शोधायचं तर तांब्यात शोधा.

मी पाणघोड्यासमोर गेलो, "पोरांनो, बाजूला व्हा," म्हणालो, आणि खांद्यापर्यंत हात जबड्यात घातला. आत काहीतरी मऊ लागलं. ओलं लागलं. मी ते पकडून ओढलं.

"म्हातारबाबा," पाणघोड्याच्या पोटातून आवाज आला, "ती माझी जीभ आहे."

"दात कुठे आहेत?"

"जिभेच्या बाजूला. सोडली नाहीत तर लागतील."

पोरं रडायला लागली. एका बाईने मला छत्रीने ढकललं. मी मागे सरकलो तो भोपळ्यांवर पडलो. आणि त्याच वेळी मंचावरून आवाज आला, "शेवटची गोष्ट. बाना चांसा."

मी पडल्या जागेवरून पाहिलं. बायको छपराखाली पदर तोंडावर धरून उभी होती. ती मंचाकडे बघत नव्हती. जमिनीकडे बघत होती. इतक्या वर्षांत मला तिची सगळी भांडणं पाठ झालीत, पण ती हरल्यावर कशी दिसते ते मला माहीत नव्हतं. मला ते बघवेना.

आता तपास कसा सुटला ते सांगतो, जरी यात माझा भाग थोडा कमी आहे.

बुपेला धुरामुळे शिंक आली. साधी शिंक नव्हे. चांसाने इकडेतिकडे पाहिलं, रुमाल नाही, म्हणून ती कागदी वडामागे नवऱ्याकडे गेली.

"रुमाल द्या."

"नाही देता येणार," बोनिफेस म्हणाला.

"अहो, पोराचं नाक गळतंय."

"चांसा, रुमालात माणूस आहे."

"काय?"

त्याने खिशातून रुमाल काढला, मान दुसरीकडे फिरवून तिच्या हातात ठेवला. चांसाने उघडला. रुमालातून तिची आई तिच्याकडे बघून हसली. निदान वरची बाजू तरी.

झालं असं होतं. होडीच्या एका टोकाला बोनिफेस आधीच बसला होता. पट्टा लागला आणि समोरच्या टोकाला बघतो तर सासू. उतरता येईना. बिचाऱ्याने टोपी डोळ्यांवर ओढली आणि देवाचं नाव घेतलं. सासूचं टोक आभाळात गेलं, तिने तोंड उघडलं, आणि बरोबर खाली असलेल्या बोनिफेसच्या मांडीवर काहीतरी टपकन पडलं. त्याने टोपी वर करून पाहिलं. जन्मभर जिच्याकडे बघायचं नाही असं शिकवलं, ती मांडीत बसून हसत होती.

"मग सांगायचं ना!" चांसा म्हणाली.

"कोणाला? तुला शोधलं, तू गाढवाच्या फेरीत होतीस. तातांना सांगायला गेलो, ते म्हणाले आत्ता नाही. आणि सांगू तरी काय? सासूबाईंच्या तोंडातली वस्तू, ती मी कुठल्या तोंडाने काढू?"

चांसाने पुढे काही ऐकलं नाही. ती नळाकडे धावली, तिथून आईकडे. नाक बुपेने बापाच्या शर्टाला पुसलं.

मंचावरचा माणूस म्हणत होता, "बाना चांसा येत नसतील तर आपण बोकड..."

"येतेय," असा खणखणीत आवाज आला. मी भोपळ्यांतून उठून बसलो. हा आवाज मला कोंबड्यांसकट सगळ्यांत ओळखता येतो.

तिने वर्षभर घोटलेली गोष्ट सांगितलीच नाही. शेकोटीशी बसून तिने पदर सारखा केला आणि सुरुवात केली. एक होती पाणघोडीण. तिला आपल्या दातांचा फार गर्व. तिचा जावई ससा. तो तिच्या नजरेला पडायचा नाही, इतका शहाणा. एकदा नदीला पूर आला, दोघं एका ओंडक्याच्या दोन टोकांना, आणि पाणघोडिणीचे दात सुटून पडले सशाच्या मांडीत. पाणघोडिणीने ते पडताना डोळ्यांनी पाहिले. पण रीत आडवी. ससा देऊ शकेना, आणि ती मागू शकेना. मग तिने नवऱ्याला खुणा केल्या. हनुवटीने दाखवलं, समोर बसलाय. ओंजळीने दाखवलं, मांडीत पडलेत. टोपी ओढून दाखवलं, ज्याने डोळे झाकलेत त्याच्याकडे. आणि नवरा गेला मगरीच्या घशात हात घालायला.

लोक हसता हसता धुळीत लोळले. पाणघोड्याच्या सोंगातला नोकर मुंडकं काढून डोळे पुसत होता. बाना मुकुका हसता हसता म्हणाली, "पुरे गं, माझी फट दुखायला लागली."

बोकड मिळाला. मंचावरच्या माणसाने दोरी हातात दिली आणि विचारलं, "आजी, विकणार की पाळणार?"

"शनिवारी कापणार," बाना चांसा म्हणाली. ती कागदी वडाकडे न बघता बोलत होती, पण आवाज तिकडेच जाईल असा. "जावयाला घरात घ्यायचंय. सगळ्या वासांसकट रांधायचंय. ज्याच्या मांडीवर माझे दात बसून आले, त्याच्यापासून आता तोंड काय लपवायचं?"

वडामागून चांसाचं हसणं ऐकू आलं आणि बोनिफेसचं नाक ओढणं. धूर असावा.

परतताना मिनीबसमध्ये बोकड माझ्या मांडीवर होता. सगळे गोष्टीबद्दल बोलत होते. ससा कोण, पाणघोडीण कोण, हे मी एका क्षणात ओळखलं. असल्या बाबतीत माझा हात कोणी धरू शकत नाही. फक्त तो मगरीच्या घशात हात घालणारा नवरा कोण, हे अजून उलगडलेलं नाही. सध्या माझा संशय बाना मुकुकाच्या नवऱ्यावर आहे.