हार्लनचा दंड

विमा नसला तरी आता करात दंड भरावा लागणार नाही, हे कळल्याबरोबर हार्लन नूटसनने आपला आरोग्य विमा रद्द करून टाकला. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या थंडीत लोकांची घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करणारा हा अठ्ठावन्न वर्षांचा गडी कधीच आजारी पडला नव्हता, आणि भेटेल त्याला ते ऐकवतही असे.

दर शुक्रवारी गावातल्या हॉटेलात तळलेले मासे खायला तो जनीनबरोबर एकाच टेबलाशी बसे. जनीन शाळेच्या स्वयंपाकघराची प्रमुख होती. हे अकरा वर्षं चाललं होतं. लग्नाचा विषय निघाला की हार्लनला नेमकं माशावर पिळायला लिंबू हवं असायचं.

"दंडाच्या धाकानं हप्ते भरत होतो," तो म्हणाला. "शेवटी सरकारलाच अक्कल आली!"

"सरकारला आली. तुला कधी येणार?" जनीन म्हणाली.

फेब्रुवारीत गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेलेला हार्लन मोठा मासा मित्रांना उंचावून दाखवताना घसरला. मासा बर्फातल्या भोकातून पाण्यात परत गेला आणि हार्लनचा गुडघा भोपळ्याएवढा झाला. "महिनाभर सूज उतरू द्या, मग बघू. बहुतेक ऑपरेशन लागेल," डॉक्टर म्हणाले. त्या खर्चासाठी कामाची गाडी विकावी लागली असती, आणि गाडी गेली की धंदाच बसला.

तो कुबड्या टेकत विमा एजंट गॉर्डीकडे गेला.

"दुप्पट हप्ता घे, पण विमा दे."

"नोव्हेंबरात ये, नवी नोंदणी तेव्हाच असते. मधेच घेत नाहीत रे बाबा! मूल झालं किंवा लग्न झालं, तरच."

"मूल?"

"अरे, लग्नाचं बघ! जनीनला शाळेचा विमा आहे. नवरा त्यात बसतो."

शुक्रवारी हार्लनने लिंबाला हातही लावला नाही.

"जनीन, लग्न करू या."

तिने काटा खाली ठेवला. "गुडघ्यासाठी?"

खोटं बोलायचं त्याने ठरवलं होतं, पण तिच्याकडे बघून जमलं नाही. "गुडघ्यासाठीच. पण बर्फावर पडलो ना, तेव्हा पहिलं नाव तुझंच आलं तोंडात."

"ठाऊक आहे. सगळ्या तळ्यानं ऐकलंय." तिचे डोळे भरून आले, पण आवाज कडकच होता. "सरकारनं दंड माफ केला, मी नाही करणार. अकरा वर्षांचा दंड म्हणून दर रविवारी माझ्या आईला चर्चला न्यायचं. जन्मभर!"

"कबूल."

पुढच्या आठवड्यात कोर्टात लग्न झालं आणि एक तारखेला हार्लन विम्यात बसला. डॉक्टरांनी गुडघा वाकवला, फिरवला, पुन्हा वाकवला.

"कमाल आहे! आपोआप बरा झालाय. ऑपरेशन नको."

"म्हटलं नव्हतं, मी आजारी पडतच नाही!" हार्लनने छाती फुगवली. मग बोटातल्या अंगठीकडे पाहत तो पुटपुटला, "म्हणजे लग्नाची तशी..."

"गरज सरो, वैद्य मरो?" जनीनने त्याच्या कुबड्या काखोटीला मारल्या. "या विम्यातून नोव्हेंबरातही सुटका नसते. चल, मासे गार होतील."

हार्लन निघाला. दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन त्याने तिचा हात धरला, आणि गुडघा ठणठणीत असूनही हॉटेलातल्या टेबलापर्यंत तो सोडला नाही.

"काय मग," शेजारच्या टेबलावरून गॉर्डीने विचारलं, "कसं वाटतंय लग्न?"

हार्लनचा हात सवयीने लिंबाच्या वाटीकडे गेला. जनीनने ती आधीच उचलून ठेवली होती.