ठकीचा कापलेला कान

एका जंगलात, बाळांनो, कुत्री फार झाली होती. हसू नका, तुमच्या गल्लीत काय वेगळं आहे?

त्यातलीच एक ठकी. बिचारीचं वर्षातून दोनदा बाळंतपण. निम्मी पिल्लं भुकेनं जायची, उरलेली तरस न्यायचा. पिल्लांपायी ठकी दिसेल त्याच्या अंगावर धावायची आणि माकडं तिला दगड मारायची. अगदी मेटाकुटीला आली होती हो!

अशात करकोचा डॉक्टर आला. तो कुत्र्यांची नसबंदी करायचा आणि झाल्याची खूण म्हणून कानाचा शेंडा कापायचा. ठकीची बहीण रंगी ऑपरेशन करून आली ती अंगानं भरली. भांडणं बंद, दुपारभर घोरणं सुरू.

"अगं बाई, मलाही हेच हवंय!" म्हणत ठकी रांगेत बसली.

पण सिंहमहाराजांना आपल्या वाढदिवसाच्या आत मोहीम फत्ते हवी होती. कोल्हा प्रधान म्हणाला, "महाराज, पोटाला वेळ लागतो. कान पटकन होतो. आणि लोकांना दिसतो तो कानच!"

"शाब्बास!" महाराज म्हणाले.

झालं! दुपारपर्यंत सगळ्या कुत्र्यांचे कान कापून झाले. ठकीचाही. वाढदिवसाला लाडू वाटले.

पुढं ठकीला सात पिल्लं झाली.

ती रडतच करकोच्याकडे गेली. "डॉक्टर, आता तरी सोडवा हो मला."

"तुझा कान कापलाय की. म्हणजे तुझी झाली."

"मग ही सात काय आभाळातून पडली?"

"मला कळतंय गं. पण कापलेल्या कानाला पुन्हा घ्यायचं नाही, असा हुकूम आहे."

तेवढ्यात महाराज पाहणीला आले आणि ठकीचा कान कौतुकानं बघायला वाकले. ठकीचं डोकंच फिरलं. तिनं महाराजांच्या कानाचा शेंडा कचकन तोडला!

जंगलभर बोंब झाली, "महाराजांची नसबंदी झाली!" माकडांनी अभिनंदनाचे फलक लावले. सिंहीणबाई तोंड फुगवून माहेरी निघाल्या.

"अगं, थांब!" महाराज सगळ्यांदेखत ओरडले. "नुसता कान कापून काही होत नसतं!"

"ऐकलंत ना, डॉक्टर?" ठकी म्हणाली.

आता महाराजांचा शब्द म्हणजे हुकूमच. करकोच्यानं चोच धुतली आणि खरी ऑपरेशनं सुरू झाली. पिल्लांचं अंगावरचं दूध सुटल्यावर पहिला नंबर ठकीचा लागला. यंदा नवी तोंडं वाढलीच नाहीत, त्यामुळे खाणं पुरलं आणि तिची सातही पिल्लं जगली. ठकीनं पुन्हा कुणाला दात लावला नाही. माकडांचे दगड पडून राहिले.

तात्पर्य: कुत्र्यानं चावू नये म्हणून त्याची नसबंदी करावी. मात्र ती खरोखर व्हावी म्हणून त्यानं आधी योग्य माणसाला चावावं.