अण्णांची जीवकाशी

रंगरावअण्णांना घराचा पत्ता विचारू नये. मागे त्यांच्या एका पाहुण्याने स्टँडवरून फोन करून विचारला. अण्णा म्हणाले, "सोळा अंश, एक्केचाळीस मिनिटं उत्तर..." पाहुणा बिचारा दोन तास मंगळवार पेठेत फिरला आणि शेवटी आमच्याच दारात येऊन म्हणाला, "पावणं, हितं कुणी डोक्यावर परिणाम झालेलं ऱ्हातंय का?" मी समोरचं घर दाखवलं.

अण्णा आमच्या शेती संशोधन केंद्रात फील्डवर होते. मी तिथेच कारकून. निवृत्त झाल्यावर त्यांना एक खेळ लागला. एकाने डबा लपवायचा, जागेचे आकडे मोबाइलवर टाकायचे, अनोळखी माणसांनी तो हुडकून आतल्या वहीत सही करायची आणि डबा होता तिथे ठेवायचा. या खेळाला जिओकॅशिंग म्हणतात. अण्णा म्हणतात 'जीवकाशी'. त्यामुळे गल्लीतल्या बायकांना आधी वाटलं, अण्णा काशीला निघाले. दोघी-तिघी पायाही पडून गेल्या.

हा खेळ त्यांना शिकवला त्यांच्या मुलीने, वैशालीने. कॅनडाला जायच्या आदल्या आठवड्यात बापलेकीने केंद्रामागच्या डोंगरावर बियाण्याचा एक जुना डबा लपवला. "परत आले की पहिली सही करते," असं ती म्हणाली होती. त्याला आता चार वर्षं झाली.

डोंगर उभा. खाली उसाचे प्रयोगाचे वाफे, वर नुसता कातळ. अण्णा दर रविवारी तो खेकड्यासारखे तिरके चढतात. डबा मात्र कुणालाच सापडत नव्हता, कारण मोबाइलवर खूण म्हणून अण्णांनी लिहिलं होतं, 'दगडाखाली हाय. कुठल्या, ते बघ की.'

"खूण जरा नीट द्या," मी म्हणालो.

"उपग्रह खोटं बोलत न्हाय, मर्दा. माणूस बोलतोय."

एका रविवारी मी त्यांच्याबरोबर गेलो. त्यांनी डबा काढला, वही उघडली, मिटली आणि म्हणाले, "वारं बरं हाय आज." त्यांचं ते तोंड मला बघवलं नाही.

पुढच्या शनिवारी ऑफिस सुटल्यावर मी एकटाच धापा टाकत वर गेलो. वहीत प्रत्येक पानाची पहिली ओळ कोरी होती. खाली दर रविवारची अण्णांचीच नोंद: 'आलतो. रंगराव.' पानंच्या पानं, आलतो, आलतो, आलतो. रजिस्टरात कोरी ओळ सोडायची नाही, ही आमची नोकरीची शिस्त. मी चालू पानाच्या पहिल्या ओळीवर लिहिलं, 'स. दे. जोशी, पुणे.'

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णा आमच्या पायरीवर येऊन बसले. "पुण्याचा माणूस येऊन गेला, आन वहीत एक चूक काढली न्हाय! हे पटतंय का तुला?"

मी हसलो. आणि मला चटकच लागली. पुढच्या शनिवारी मी एक पान मागे जाऊन तिथल्या कोऱ्या ओळीवर सांगलीचे पाटील झालो, मग बेळगावचे एक डॉक्टर, मग साताऱ्याच्या दोन बहिणी. अण्णा दर रविवारी येऊन त्या माणसांबद्दल माझ्याशी तासभर बोलायचे. साताऱ्याच्या बहिणींसाठी तर त्यांनी डब्यात शेंगदाण्याचे लाडू ठेवले. ते मीच खाल्ले.

शेवटी राहवेना. गेल्या महिन्यात डोंगरावर डब्याजवळ बसून मी म्हणालो, "अण्णा, त्या सह्या माझ्या आहेत."

"ठावं हाय की."

"कधीपासून?"

"पयल्यापासनं. नावाफुडं 'पाहिले' लिवून तारीख कोण घालतंय रं? डोंगर म्हंजे काय मस्टर हाय व्हय?"

मी वही ओढून बघितली. प्रत्येक खोट्या नावापुढे माझ्या वळणदार अक्षरात 'पाहिले', आणि तारीख. हाताची सवय.

"मग बोलला का नाही?"

"बोललो असतो तर तू यायचा थांबला असतास. आन पोट बग तुझं, किती उतरलंय."

मी हसायला लागलो. अण्णा हसले नाहीत. त्यांनी कोरं पान काढलं आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"फकस्त ही वळ सोडत जा. ही वैशीची हाय." मग म्हणाले, "त्या पयल्या येळी वही उघडली, तर वरच्या वळीवर शाई. चष्मा खिशात हुता. लावस्तवर..."

चष्मा खिशातून काढून डोळ्याला लावायला किती वेळ लागतो? तेवढा वेळ त्यांची मुलगी आली होती. आणि मग मी तिथे स. दे. जोशी होऊन बसलो होतो.

त्यांनी दुसऱ्या ओळीवर 'आलतो' लिहिलं आणि पेन माझ्याकडे दिलं. तिसऱ्या ओळीवर मीही 'आलतो' लिहून खाली माझं खरं नाव घातलं. डबा कपारीत सरकवला आणि वर ठेवायला एक दगड उचलला.

"त्यो नगो," अण्णा म्हणाले. "ल्हान बग. तिच्यानं उचलाय पायजे."