उशाशी बसणाऱ्या वर्तक मॅडम

कोथरूडच्या बसमध्ये झोपलेल्या एका अनोळखी गृहस्थांची हनुवटी डॉक्टर वर्तक मॅडमनी दोन बोटांनी वर उचलली, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. गृहस्थ दचकून उठले.

"अहो, काय करताय काय?"

"तुमचा श्वास थांबला होता."

"माझा आहे ना? मी बघून घेईन."

"झोपेत? कसा बघणार?"

बस हसली. मॅडम हसल्या नाहीत. तुमची बायको कानात बोळे घालून झोपत असणार, वजन कधी उतरवणार, अशी त्यांनी गृहस्थांची हजेरी घेतली. मी एक थांबा आधीच उतरून चालत गेलो.

राग हा मॅडमचा स्वभाव नव्हे, दिनक्रम आहे. लग्नाच्या जेवणानंतर कार्यालयात आडव्या झालेल्या मंडळींमधून त्या कान देत फिरतात. माझ्या सासऱ्यांनाही त्यांनी असंच उठवलं. सासरे सदाशिव पेठेतले. दुपारी त्यांच्या दाराची बेल पोस्टमनसुद्धा वाजवत नाही. ते अजून माझ्याशी तुटक बोलतात.

आम्ही एकाच रुग्णालयात आहोत. मी चेहरे घडवतो. गाठीमुळे जबडा काढावा लागला, की पायाच्या हाडाचा नवा जबडा करून बसवतो. मॅडमचं संशोधन त्याच्या आतलं. जिभेला पुढे ओढणारा स्नायू जबड्याला आतून चिकटलेला असतो. जबडा गेला की त्याचा आधार जातो, आणि झोपेत जीभ मागे पडून घसा बंद होतो. हे सगळं मलाही माहीत आहे. पण माझ्या खोलीत रुग्णांचे आधीचे आणि नंतरचे फोटो आहेत, आणि मॅडम त्यांच्यासमोर उभ्या राहून विचारतात, "सुंदर. यातला कुठला फोटो श्वास घेतो?"

मला त्यांचा संताप यायचा. खरं लिहायचं तर अजूनही येतो. पण मंदाबाईंच्या वेळी मी जे बोललो, ते आजवर घरीही सांगितलेलं नाही.

मंदाबाई यवतमाळकडच्या. इथे एका खानावळीत पोळ्या करायच्या, खोलीवर एकट्या राहायच्या. त्यांचा जबडा मी केला, आणि तो माझ्या हातून झालेला सगळ्यात चांगला जबडा आहे. श्वासासाठी गळ्यात बसवलेली नळी तेवढी काढायची राहिली होती. पुढच्या आठवड्यात मला परिषदेत त्यांचा फोटो दाखवायचा होता आणि नळी मला फोटोत नको होती.

"नळीला बूच लावून त्या वॉर्डात नीट झोपल्या," मी म्हटलं. "काढू या."

"वॉर्डात कोणी झोपतं का? डोळे मिटून पडतात," मॅडम म्हणाल्या. "माणूस घरी झोपतो. मंदाबाई, घरी शेजारी कोण झोपतं?"

"कोनीच नाई जी."

"मग श्वास थांबला तर हिला उठवणार कोण? तुमचा फोटो? ही माझ्या घरी झोपेल. मी ऐकेन आणि मग ठरवेन."

विद्यार्थी बघत होते. माझं डोकं फिरलं.

"तुमच्या घरी कोणी नाही, म्हणून तुम्ही लोकांच्या उशाशी बसता!"

मॅडम मला फाडून खातील अशी माझी खात्री होती. त्या फक्त म्हणाल्या, "बूच जपून. अंघोळीला पाणी जाता कामा नये." हे मंदाबाईंना उद्देशून होतं. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

मी नळीसकट फोटो घेऊन परिषदेला गेलो. कोणी नळीबद्दल विचारलंही नाही. परत आलो तर मंदाबाई मॅडमच्या खोलीत तपासणीला आलेल्या. गळ्यात नळी नव्हती, भोकावर पांढरी पट्टी होती. मॅडमनीच नळी काढली होती. मॅडमची माफी मागायची म्हणून मी आत गेलो आणि भलतंच विचारलं, "काय मंदाबाई, झोपेत श्वास थांबत नाही ना?"

"माह्या नाई जी थांबत. मॅडमचा थांबते."

"काय?" मॅडम ओरडल्या.

"तुमी पहाटे खुर्चीत माह्यावर ध्यान ठेवता ठेवता झोपता. घोरता. मंग एकदम चूप. मी उठून तुमची हनुवटी वर धरतो, का मंग चालू होते."

"रोज?"

"रोजच."

"मग मला उठवायचं नाही का?"

"कायले उठवू? दमल्या राहता तुमी. झोपू देतो."

इतकी वर्षं मॅडमचा श्वास झोपेत थांबत असेल, आणि त्यांना ते सांगायला कोणी नव्हतं. माफी मागायची राहूनच गेली. मॅडमनी मंदाबाईंच्या गळ्यावरची पट्टी काढून पुन्हा नीट लावली. ती आधीही नीटच होती.

"खोलीवर परत कधी जाऊ जी?" मंदाबाईंनी विचारलं.

"घाई काय आहे?" मॅडम म्हणाल्या, आणि माझ्यावर खेकसल्या, "तुम्ही काय बघताय? बाहेर रुग्ण थांबलेत!"