निळ्या शाईचा साप

कर्णिकसाहेबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते एका आरोग्य केंद्राच्या पायरीवर आडवे पडून मरत होते. माझी तर बोबडीच वळली. साहेबांनी एक डोळा उघडला आणि शांतपणे म्हणाले, "निचिते ना? आजपासून रुजू होणार होतात. बाजूला उभे राहा आणि कोण काय करतं ते बघा."

आमच्या संस्थेकडे काम होतं आरोग्य केंद्रांची तयारी तपासायचं. साथ आली, विषबाधा झाली, साप चावला, तर ऐन वेळी काय होतं ते बघून अहवाल द्यायचा. इतर तपासनीस खुर्चीत बसून औषधांची कपाटं उघडायला लावत. साहेबांना ते पटत नसे. "कागदावर सगळेच पेशंट जगतात," असं म्हणून ते गाडीतच बूट काढत, बॉलपेनने घोट्यावर दोन ठिपके काढत आणि जाऊन पडत. मोठ्या डॉक्टरांना तेवढी आधी कल्पना दिलेली असे. सुई दिसली की मात्र टुणकन उठायचं. सुईला ते फार भीत.

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत साहेबांनी भोगायचा म्हणून रोग ठेवला नाही. उलट्यांच्या साथीची तयारी बघायची असली, की घरून डब्यात ताकपोहे कालवून आणत आणि ते योग्य जागी सांडत.

यामुळे झालं काय, तर त्यांची ख्याती पसरली. उंबरमाळीकडे ते पडले, तर मावशींनी त्यांच्या भोवतीने झाडून घेतलं. धसईला नर्सबाईंनी घोटा निरखून विचारलं, "साहेब, हा साप निळ्या शाईचा होता काय?" आणि चहा मागवला. साहेबांनी तो पडल्या पडल्या प्यायला, पण गुण कापले. अशा पेशंटला तोंडाने काही द्यायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं.

ओळखीच्या माणसाला कोणी खरं मरू देईना, म्हणून साहेब खट्टू झाले होते. तेवढ्यात डोळखांबच्या पुढच्या एका उपकेंद्रात नवी सिस्टर आल्याचं कळलं. साहेबांना कोण आनंद झाला. या खेपेला शाईऐवजी पिकल्या करवंदाचा रस लावला.

मी समोरच्या आंब्याखाली उभा राहिलो. खिडकीतून सगळं दिसत होतं, ऐकूही येत होतं. सिस्टर कॉलेजातली पोर वाटावी अशी, पण गडबडली नाही. तिने साहेबांना नीट निजवलं, पायाला फळी बांधली, गाडीसाठी फोन केला. साहेब जरा हलले तर दटावलं, "हलू नका काका. मी हाय ना."

मग तिने घरच्यांचा नंबर विचारला.

सापाचा रंग, लांबी, तो कुठून आला, याची उत्तरं साहेबांकडे तयार असत. पण या प्रश्नावर ते अडले. विष चढतंय असं वाटून तिने त्यांचे गाल थोपटले. "काका, झोपू नका. बायको, मुलगा, कोणीपण. घरी कोण हाय?"

शेवटी साहेबांनी पुटपुटत एक नंबर सांगितला.

माझ्या खिशातला फोन वाजला.

एवढी वर्षं एका गाडीत फिरलो, पण साहेबांना घरून कधी फोन आलेला मला आठवेना. मी फोन कानाला लावला. सिस्टर सांगत होती, की तुमच्या माणसाला साप चावलाय, पण ते शुद्धीवर आहेत, घाबरू नका. पलीकडे साहेबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

"तुमी त्यांचे कोण?" तिने विचारलं.

"धाकटा भाऊ," मी म्हणालो.

"मग लवकर या. ते एकटेच हायत."

मधे अंगणाएवढंच अंतर होतं, पण मी धावत गेलो.